बाबांची भूक

माझ्या हातचं अन्न कोणी पानात टाकलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकते. चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरी आलेला माणूस 'आता पुरे' म्हणाला की मी आणखी एक वडा वाढते, आणि तो खाईपर्यंत समोरून हलत नाही. म्हणून सासरे जेवेनासे झाले तेव्हा मला काळजीच्या आधी अपमान वाटला. खोटं कशाला बोलू.

सासरे म्हणजे दशरथ परब. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो. पोरवयात मालवणकडून मुंबईला आले, परळच्या एका गिरणीत मागावर उभे राहिले, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली आणि दोन मुलं वाढवली. पंच्याहत्तरी ओलांडली तरी सकाळी मार्केटात जाऊन मासळीवालीशी वाद घालणारा माणूस. हिवाळ्यात त्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला, रिपोर्ट नॉर्मल आले, पण तापाबरोबर त्यांची भूक गेली ती परत यायचं नाव घेईना.

मी काही म्हणजे काही सोडलं नाही. कोंबडीचं सूप केलं, बांगड्याचं तिखलं केलं, साजूक तुपातला शिरा केला. माझा नवरा प्रीतम कारखान्यातून येताना प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आला, तीही दुधात कालवली. बाबा घास घ्यायचे, तोंडात घोळवायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग ते ताटासमोर हात जोडायचे. सासऱ्याने सुनेसमोर हात जोडायचे म्हणजे काय? मी रागाने ताट उचलायचे आणि मोरीत जाऊन रडायचे. मग तासाभराने पुन्हा काहीतरी घेऊन उभी.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. पोटात काही सापडत नाही म्हणाले, वय आहे, अशक्तपणा आहे. "पण वजन असंच उतरत राहिलं तर वाट बघता येणार नाही. पुढच्या सोमवारी घेऊन या. अॅडमिट करू आणि नाकातून नळी घालून अन्न देऊ." हे ते प्रीतमला सांगत होते, पण बाबा काही बहिरे नाहीत. येताना रिक्षात ते बाहेर बघत म्हणाले, "नळी घातलात तर मी ती ओढून काढतलंय. सांगान ठेवतंय."

बाबा उगाच काही बोलत नाहीत. काढतो म्हणाले म्हणजे काढणार. प्रीतम घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिला.

वैद्य बोलवायची कल्पना त्याचीच. डॉक्टरांना फोन करून विचारलं. करून बघा, म्हणाले, पण पोटात पाणी जात राहू दे, चक्कर आली तर तसेच इकडे या आणि सोमवार चुकवू नका. मग आम्ही प्रांजलला बोलावलं. शेजारच्या सेक्टरमधली मुलगी. तिला मी फ्रॉकमध्ये लंगडी घालताना पाहिलेलं, आता आयुर्वेदाची मोठी डिग्री घेऊन कांदिवलीत दवाखाना चालवते. आली, बाबांची जीभ बघितली, नखं बघितली, नाडी धरली. मग पोटावर तळहात ठेवून डोळे मिटून बसली. इतका वेळ बसली की मला वाटलं, हिला डुलकी लागली.

"काय काय खायला दिलंत काकू?" तिने विचारलं. मी अभिमानाने सगळं सांगितलं. सुपापासून पावडरीपर्यंत. तिचा चेहरा उतरत गेला.

"मग काय उपाशी ठेवू त्यांना?" मी म्हटलं.

"जवळजवळ," ती म्हणाली.

मी प्रीतमकडे बघितलं. हिला आणलंस तूच, आता तूच बघ, असं मला म्हणायचं होतं. पण प्रांजल बाबांच्याच खाटेवर मांडी घालून बसली आणि शांतपणे सांगायला लागली. पोटात विस्तव असतो असं आमचं शास्त्र मानतं. खाल्लेलं तोच शिजवतो. तापात तो मंद होतो, राखेखाली एवढासा निखारा उरतो. "आणि तुम्ही त्यावर ओंडके टाकताय काकू."

माझ्या कोंबडीच्या सुपाला ओंडका म्हणाली ती.

"चूल पेटवताना आधी काय घालता?" तिने विचारलं.

"आमच्याकडे गॅस आहे," मी म्हटलं.

प्रीतमला हसू आलं. आणि खाटेवरून बारीक आवाज आला. "आधी पातेरो," बाबा म्हणाले. म्हणजे झाडाखालचा वाळका पाला. "मगे काटक्यो. मगे लाकूड." इतक्या दिवसांत ते आपणहून एवढं पहिल्यांदाच बोलले होते.

प्रांजलने सांगितलेलं सगळं इतकं साधं होतं की मला ते औषध वाटेचना. सुंठ घालून उकळलेलं कोमट पाणी, घोट घोट. मुगाचं कढण गाळून, त्यात सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, तेही वाटीभरच. त्याआधी आल्याची पातळ चकती सैंधव लावून चघळायला. दूध नाही, पावडर नाही, तळलेलं नाही, मासे आत्ता नाहीत. आणि उकड्या तांदळाची पातळ पेज घरात तयार ठेवायची, पण द्यायची नाही.

"द्यायची नाही तर ठेवायची कशाला?"

"ते मागतील तेव्हा द्यायची. भूक लागली, असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं की लगेच. तोपर्यंत कोणी विचारायचं नाही, आग्रह करायचा नाही, ताट पुढे करायचं नाही. तुम्ही सारखं पुढे करता म्हणून भुकेला यायला जागाच उरत नाही. खरी भूक आली की माणूस मागतोच काकू. तान्हं बाळसुद्धा मागतं."

हे मला पटलं. म्हणजे आवडलं नाही, पण पटलं.

त्यानंतर घराची रीतच बदलली. मी माझ्या तोंडाला कुलूप घातलं. किती कठीण होतं ते मलाच माहीत. बाबांच्या खोलीच्या दारातून जाताना 'थोडं काही देऊ का' हे शब्द जिभेपर्यंत यायचे आणि मी ते गिळायचे. सकाळी पेज करायची, झाकून ठेवायची, संध्याकाळी आम्हीच ती पिऊन टाकायची. मुगाचं कढण आणि सुंठीचं पाणी मात्र वेळच्या वेळी. बाकी नुसतं बघत बसायचं.

आणि बघत बसले म्हणून मला दिसलं. आधी जीभ. बाबांच्या जिभेवर दह्याच्या साईसारखा पांढरा थर होता. एके सकाळी चूळ भरताना बघितलं तर कडेकडेने तो सुटला होता आणि आतून गुलाबी जीभ दिसत होती, लहान मुलाची असते तशी. दुसऱ्या दिवशी गुलाबी आणखी आत सरकलं. मी काही केलं नव्हतं. मी फक्त करायचं थांबवलं होतं. त्या वाळलेल्या देहात कोणीतरी एकटंच बसून साफसफाई करत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

मग वास. एवढे दिवस स्वयंपाकघरातून काही शिजण्याचा वास आला की बाबा भिंतीकडे तोंड करायचे. आता मी डाळीला हिंगाची फोडणी दिली की त्यांचं डोकं उशीवर इकडे वळायचं. त्यांना स्वतःला ते कळतही नव्हतं. मी मुद्दाम पुन्हा फोडणी दिली. पुन्हा वळलं. प्रीतम म्हणाला, "अगं, प्रयोग करतेस काय त्यांच्यावर?"

आणि शनिवारी दुपारी तो आवाज. मी खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. बाबा डोळे मिटून पडलेले. घरात एकदम शांतता होती आणि त्यांच्या पोटातून आवाज आला. लांबलचक, खालून वर येणारा, घागर भरतानाचा असतो तसा. मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. सगळ्यांची पोटं गुरगुरतात, त्यात नवल काय, असं कोणी म्हणेल. पण मला त्या क्षणी देवळात उभं असल्यासारखं वाटलं. निखारा होता. राखेखाली होता, आणि तो धुगधुगायला लागला होता.

आता म्हणतील, मी मनात म्हटलं. आता म्हणतीलच.

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. "नलिनी, तू जेवलंस काय गो?"

"हो बाबा, मघाशीच."

"मगे झाला," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मी दिवसभर वाट बघितली. प्रीतम कारखान्यातून आला तर बाबांनी त्याला विचारलं, "जेवलंस रे?" तो म्हणाला, "हो, डबा खाल्ला ना." तर "मगे झाला." खालचा वॉचमन पाण्याच्या मोटरचं सांगायला वर आला, त्यालाही तेच. मला राग यायला लागला. स्वतः वाळून काडी झालाय आणि अख्ख्या सेक्टरची चौकशी. पोटात आवाज येतोय, जीभ स्वच्छ झालीय, मग एक वाक्य बोलायला काय होतं या माणसाला? रविवार उजाडला तरी ते वाक्य काही आलं नाही, आणि सोमवारी सकाळी डॉक्टरांनी बोलावलेलं.

रविवारी दुपारी माझी नणंद कुंदाताई मुलुंडहून आली. हातात चार पुडांचा डबा. दार उघडल्या उघडल्या सोलकढीचा वास आला आणि माझा तोल गेला.

"ताई, सांगितलं होतं ना फोनवर, काही आणायचं नाही म्हणून."

"अगं, उद्या त्यांना नळी घालणार आणि मी रिकाम्या हाताने येऊ?"

"तो डबा आत नेलात तर मी तुम्हाला पण बाहेर काढीन."

ताईने डबा चपलांच्या रॅकवर ठेवला. चिडली होती, पण ठेवला. मग आत जाऊन बाबांच्या पायाशी बसली आणि पाय चेपायला लागली. मी दारात उभी होते. बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कुंदा, जेवलंस गो?"

"हो बाबा, जेवूनच निघाले."

"मगे झाला." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

ताई उठली ती थेट स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून रडायला लागली. मला वाटलं, मी बोलले म्हणून. सॉरी म्हणणार, एवढ्यात तीच म्हणाली, "संपात ते असंच विचारायचे."

गिरण्यांचा संप झाला तेव्हा ताई दहा-अकरा वर्षांची होती, प्रीतम तिच्याहून लहान. बाबा दिवसभर काम शोधत फिरायचे आणि संध्याकाळी दारातूनच विचारायचे, पोरांनो, जेवलात? पोरं म्हणायची, हो. मग झालं, असं म्हणून बाबा तांब्याभर पाणी प्यायचे आणि आडवे व्हायचे. "आम्हाला वाटायचं, ते बाहेर खाऊन आलेत. आम्ही पोरं होतो गं, आम्हाला काय कळणार? आईला कळायचं. आई म्हणायची, तुमच्या बाबांना भूक लागत नाही, त्यांच्या घरात कुणालाच लागत नाही."

"म्हणजे?"

ताईने पदराने नाक पुसलं. तिच्या पहिल्या बाळंतपणात बाबांनी एकदाच तिला सांगितलं होतं. गावी त्यांचे वडील लवकर गेले. भात कापणीला येण्याआधीच्या दिवसांत घरातले तांदूळ संपायचे. पोरं म्हणायची, आये, भूक लागली. की त्यांची आई उठून न पेटलेली चूल फुंकत बसायची. राख उडून डोळ्यांत जायची, म्हणजे डोळ्यांना पाणी यायला कारण मिळायचं. एक दिवस थोरल्या भावाने सगळ्या भावंडांना परसात नेलं आणि बजावलं, आजपासून आयेसमोर ह्या बोलूचा नाय. बाबा सगळ्यांत धाकटे होते. त्यांनी विचारलं, मग पोटात दुखायला लागलं तर काय करू? भाऊ म्हणाला, तेव्हा माझ्याकडे ये आणि विचार, तू जेवलंस? मी हो म्हटलं तर समज आज काही नाही, आणि झोप.

मी ओट्याला टेकले.

आम्ही सगळे आठवडाभर एका शब्दाची वाट बघत बसलो होतो आणि तो शब्द या माणसाकडे नव्हताच. पाच-सहा वर्षांचा असताना त्याने तो टाकून दिला होता. प्रांजलचं शास्त्र चुकलं नव्हतं. भूक आली होती, अगदी तिने सांगितलं तशीच आली होती आणि बाबा मागतही होते. शनिवारपासून घरातल्या प्रत्येकाकडे मागत होते, वॉचमनकडेसुद्धा. आणि आम्ही प्रत्येकाने सांगितलं होतं, आज काही नाही, झोपा.

मला राग यायचा माणसांनी पानात टाकलं की. पण एक माणूस सत्तर वर्षं आपली भूक अशी गिळतो, मागावर उभा राहतो, पोरं वाढवतो, सुनेने वाढलेलं मुकाट जेवतो आणि कोणाला पत्ताही लागू देत नाही, हे काय आहे? मला या माणसाची भीती वाटली. देवाची वाटते तशी. मी त्यांना रोज ताट वाढत होते आणि ते कोण आहेत हे मला माहीत नव्हतं.

ताई म्हणाली, "आता लगेच दे त्यांना पेज. त्यांनी नाही म्हटलं तरी चालेल."

मला तेच करायचं होतं. हात पातेल्याकडे गेलासुद्धा. पण मग वाटलं, असंच दिलं तर ते पुन्हा दुसऱ्याने पुढे केलेलं ताट होईल. पुन्हा दोन घास आमच्या समाधानासाठी घेतील आणि हात जोडतील. मी गॅस बारीक केला, पेज ढवळली, ताईच्या हातात पळी दिली आणि म्हटलं, "गरम होऊ दे. मी हाक मारीपर्यंत बाहेर येऊ नका."

प्रीतम हॉलमध्ये उद्याच्या अॅडमिशनसाठी बाबांचे रिपोर्ट लावत होता. त्याला तिथेच बसवून मी आत गेले आणि बाबांच्या खाटेशी खाली फरशीवर बसले. मी कधी त्यांच्यासमोर अशी बसत नाही. त्यांनी मान वळवली.

"तू जेवलंस गो?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

हे खरं होतं. सकाळपासून मी चहावरच होते. बाबा गोंधळले. त्यांच्या त्या प्रश्नाला असं उत्तर कोणी देत नसे.

"कित्या नाय जेवलंस?"

मला बोलायला वेळ लागला. नुसते दोन शब्द, पण मीसुद्धा ते शेवटचे कधी बोलले होते ते आठवेना. आम्ही बायका म्हणतो, चला, जेवून घेऊ. म्हणतो, मुलांना भूक लागली असेल. स्वतःचं नाव घालून कोण म्हणतं?

"बाबा, मला भूक लागली," मी म्हटलं. "खूप लागली."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. पांघरुणाखालून पुन्हा तो आवाज आला, कालच्यापेक्षा मोठा, आम्हा दोघांनाही ऐकू आला. बाहेर प्रीतमने कागदांची खुडबुड थांबवली होती.

"मगे जेव," बाबा म्हणाले. "माझी वाट कित्या बघतंस?"

"एकटीला जात नाही."

त्यांनी छताकडे बघितलं. मग त्यांनी चादरीतून हात काढला, माझ्या मनगटावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता, शाळेतलं पोर चूक कबूल करतं त्या आवाजात म्हणाले, "माका पण लागली गो."

आणि पटकन मान उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

मला हाक मारावी लागली नाही. ताईनेच ऐकलं असावं, कारण ती वाटी घेऊन दारात आली. पेजेची वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि डोळे लालभडक झाले होते. बाबांचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला.

"रडतंस कित्या?" त्यांनी तिला विचारलं.

"रडत नाही बाबा. कांदा चिरत होते."

बाबांनी वाटीत डोकावून बघितलं. मग ताईकडे बघितलं. मग पुन्हा वाटीकडे.

"पेजेत कांदो खंय घालतत गो?" ते म्हणाले, आणि दोन्ही हात वाटीसाठी पुढे केले.